मुलांवाचून शिक्षणशास्त्र

महाराष्ट्रात एम.एड. केलेल्या माणसापुढे त्या पदवीच्या बळावर उघडणारं मुख्य दार एकच आहे: बी.एड. कॉलेजात शिकवायचं. शाळेत लागायला बी.एड. पुरतं. मुख्याध्यापक व्हायला सेवाज्येष्ठता लागते. थेट उपशिक्षणाधिकारी व्हायचं असेल तर राज्यसेवेची परीक्षा द्यायची, आणि तिला कुठल्याही शाखेची पदवी चालते. शेतकीचा पदवीधर चालतो, अभियंता चालतो. म्हणजे ज्यानं शंभर शाळांची तपासणी करायची, त्यानं शिक्षणशास्त्राचं एक पान वाचलेलं नसलं तरी सरकारचं काही अडत नाही. आणि ज्यानं दोन वर्षं घासून ते वाचलं, त्याला शाळाही विचारत नाही आणि कार्यालयही विचारत नाही. मग उरतं बी.एड. कॉलेज. तिथे हा एम.एड. झालेला तरुण नवे बी.एड. तयार करतो. त्यांतल्या काहींना नोकरी लागत नाही, म्हणून ते एम.एड.ला येतात आणि पुन्हा बी.एड. कॉलेजांचे उंबरठे झिजवतात. या सगळ्या फेऱ्यात शाळेतलं मूल कुठेही नाही. माझं भांडण त्यासाठी आहे.

मी हे बाहेर उभं राहून बोलत नाही. मी आधी शाळेत शिकवलं, मग एम.एड. केलं आणि आता बरीच वर्षं बी.एड.च्या वर्गावर जाते. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एखादे वडील लेकीला घेऊन येतात, टोपी हातात धरून खुर्चीच्या टोकाला बसतात आणि विचारतात, "मॅडम, हे केलं की नोकरी लागते ना?" मी तोंड उघडायच्या आत कार्यालयातला माणूस उत्तर देऊन मोकळा झालेला असतो: "लागते की! पवित्र पोर्टलवर जागा निघणारच आहेत." त्या उत्तरावर फी भरली जाते. कुणी सोसायटीचं कर्ज काढून, कुणी जनावर विकून. हे उत्तर खोटं आहे हे कार्यालयातल्या माणसाला माहीत असतं, प्राचार्यांना माहीत असतं आणि संस्थाचालकांना तर सगळ्यांत आधी माहीत असतं.

मुळापासून सांगते. बी.एड. कॉलेजात कुणी शिकवावं, याचे नियम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई ठरवते. 2014 च्या नियमावलीनुसार विषयातली पदव्युत्तर पदवी 55 टक्क्यांनी आणि एम.एड. 55 टक्क्यांनी हवं. शाळेत शिकवल्याचा अनुभव? बंधनकारक नाही. एक वर्षाचाही नाही. त्याच नियमावलीनं तीन वर्षांचा एकात्मिक बी.एड.-एम.एड. अभ्यासक्रमही काढून दिला. एम.ए. झाल्यावर त्यात शिरायचं, बाहेर पडायचं आणि शाळेची एकही घंटा शिक्षक म्हणून न ऐकता शिक्षकांना शिकवायला बसायचं. ज्यानं आयुष्यात कधी रुग्ण तपासला नाही, त्याला आपण शस्त्रक्रिया शिकवायला उभं करत नाही. चाळीस मुलांचा आठवीचा वर्ग पावसाळ्यात शेवटच्या तासाला कसा सांभाळायचा, हे मात्र ज्यानं तो तास कधीच घेतला नाही असा माणूस शिकवतो आणि ते सगळ्यांना चालतं.

मला माझ्या सहकाऱ्यांचा अपमान करायचा नाही. त्यांतले कित्येक जण हुशार आहेत, मनापासून कष्ट करतात आणि तासिका तत्त्वावर, उन्हाळ्यात पगार नाही, पुढच्या वर्षी नेमणूक मिळेल की नाही याचा पत्ता नाही, अशा स्थितीत राबतात. शाळेत जायला त्यांनाही आवडलं असतं. शाळेनं त्यांना घेतलं नाही म्हणून तर ते इथे आले. पण याचा परिणाम काय होतो, तो सराव पाठाच्या वेळी पाहा.

आठवीचा वर्ग. विषय विज्ञान, घटक प्रकाशाचे परावर्तन. छात्राध्यापिकेनं रात्रभर जागून तीन तक्ते रंगवलेत. टाचण वहीत प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, उपयोजन, गृहपाठ असे रकाने आखलेत. "आरशात आपण काय पाहतो?" इथपासून प्रश्न सुरू होतात आणि मुलं हात वर करतात, कारण हाच घटक कालच दुसऱ्या छात्राध्यापकानं घेतलेला आहे. शेवटच्या बाकावर एक मुलगा फळ्यावरची व्याख्या वहीत उतरवतोय. जवळ जाऊन पाहिलं तर तो लिहीत नाही, अक्षरांची चित्रं काढतोय. एकेक रेघ पाहायची, काढायची. काना आधी, मग त्याच्या मागचं अक्षर. त्याला वाचता येत नाही. आठवीपर्यंत आलाय आणि वाचता येत नाही. मागे बसलेल्या निरीक्षकाच्या हातातल्या तक्त्यात रकाने आहेत: आवाजातील चढउतार, फलकलेखन, साधनांचा वापर, प्रश्नकौशल्य, वर्गनियंत्रण. मुलं काय शिकली, याला रकाना नाही. त्या पाठाला दहापैकी आठ गुण पडले.

पाठ संपल्यावर त्या मुलीनं मला विचारलं, "मॅडम, त्या मागच्या मुलाला वाचताच येत नव्हतं. मी काय करायला पाहिजे होतं?" तेरा वर्षांच्या मुलाला, त्याची लाज राखून, वाचायला कसं शिकवायचं, हे आमच्या दोन वर्षांच्या वेळापत्रकात कुठेही बसत नाही. त्यात पियाजेच्या विकासाच्या चार अवस्था आहेत, वायगोत्स्की आहे, ब्लूमच्या उद्दिष्टांचं वर्गीकरण आहे, ज्ञानरचनावादावर दीर्घोत्तरी प्रश्न आहे. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. शिक्षणशास्त्र नावाचा विषय जर कुठल्या एका प्रश्नासाठी जन्माला यायला हवा असेल तर तो हा प्रश्न आहे. पदव्युत्तर वर्गात त्यावर वर्षानुवर्षं एकही गंभीर चर्चा झाली नाही तरी निकाल शंभर टक्के लागतो.

आता एम.एड.चा लघुशोधप्रबंध घ्या. शीर्षक कुठल्याही वर्षीचं काढा, साचा तोच. अमुक तालुक्यातील इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी तमुक विषयातील अमुक घटकावर अध्यापन कार्यक्रमाची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास. पाच प्रकरणं. नियंत्रित गटात तीस मुलं, प्रायोगिक गटात तीस मुलं, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य 0.05 स्तरावर सार्थ. कार्यक्रम परिणामकारक ठरतो. प्रत्येक वेळी ठरतो. मी आजवर एकही असा प्रबंध पाहिलेला नाही, ज्यात विद्यार्थ्यानं लिहिलंय की माझा प्रयोग फसला आणि तो का फसला ते मी सांगतो. मुलांना शिकवण्याचे एवढे उपाय जर खरोखर परिणामकारक ठरले असतील, तर महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांत एव्हाना सगळ्या शाळांच्या सगळ्या दुखण्यांवरचं औषध बांधणी करून ठेवलेलं असायला हवं. प्रत्यक्षात ती बाडं कुणी उघडत नाही. एका प्रबंधातल्या ऋणनिर्देशात मी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कॉलेजच्या प्राचार्यांचे आभार वाचले आहेत. डीटीपीवाल्याकडे फाइल होती, तालुका बदलला, आभार बदलायचे राहून गेले. मी तो प्रबंध परत पाठवला, तेव्हा मला सांगण्यात आलं की मुलाचं लग्न ठरलंय, वर्ष वाया घालवू नका.

ज्या मुलाचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून ही दया दाखवली जाते, त्याचं पुढे काय होतं? शिक्षणशास्त्राची पदवी माणसाच्या आयुष्याला कशी दिशा देते, हे बघायचं तर त्याच्या मागून चालत जावं लागेल.

समजा, एक मुलगा 2012 च्या उन्हाळ्यात बी.एड. होऊन बाहेर पडला. त्याच वर्षी 2 मे रोजी राज्यानं शिक्षक भरतीवर बंदी आणली. पुढच्या वर्षी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी सुरू झाली, ती त्यानं दिली. 2017 मध्ये सरकारनं शिक्षक भरतीसाठी पवित्र पोर्टल काढलं आणि आणखी एक परीक्षा आणली, अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला मुलं टेट म्हणतात. 200 गुणांची. त्यात 120 गुण अभियोग्यतेला, 80 बुद्धिमत्तेला. सांकेतिक भाषा, संख्यामालिका, वेग आणि अचूकता. त्याचा विषय त्याला किती येतो, तो मुलांसमोर कसा उभा राहतो, याला त्यात जागा नाही. यादी लागते ती या चाचणीच्या गुणांवर. एम.एड.चं काहीही जास्तीचं धरत नाहीत. पोर्टलवरची पहिली निवड यादी लागली 2019 मध्ये. पदवीनंतर सात वर्षं. त्यानंतरची टेट थेट 2023 मध्ये. या मुलानं तोवर एम.एड. केलेलं असतं, कारण रिकामं बसण्यापेक्षा काहीतरी करावं असं घरच्यांनाही वाटतं आणि कॉलेजलाही जागा भरायच्या असतात. तिशी उलटते. वयोमर्यादा जवळ येते. अभ्यासिकेत बसून तो अजून संख्यामालिका सोडवतोय, आणि ज्या वर्गासाठी त्यानं दोन-दोन पदव्या घेतल्या, तो वर्ग त्यानं सराव पाठानंतर पाहिलेला नाही.

यात भर म्हणून नियमांचा खेळ. 2018 मध्ये एनसीटीईनं सांगितलं, बी.एड. झालेले पहिली ते पाचवीलाही चालतील, फक्त सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करा. त्या एका अधिसूचनेवर किती कॉलेजांनी जाहिराती छापल्या! ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, चालणार नाहीत, प्राथमिकला डी.एड. झालेलेच पात्र. निकाल माझ्या मते बरोबर आहे. सहा वर्षांच्या मुलाला शिकवणं हे वेगळं कसब आहे. पण पाच वर्षं ज्यांना त्या आशेवर प्रवेश दिले, त्यांच्याशी कुणी बोललं का? आणि 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानं, ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा बाकी आहे अशा नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं. या विषयावर शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. उतरणारच. पण संघटनांनी एक प्रश्न कधी लावून धरला नाही. टीईटीचा निकाल आपल्या राज्यात अनेकदा पाच टक्क्यांच्याही आत लागतो. परीक्षेला बसणारे सगळे डी.एड. किंवा बी.एड. झालेले किंवा होत असलेले, बहुतेकांच्या गुणपत्रिकेवर प्रथम श्रेणी. मग एक तर ती पदवी खोटी आहे किंवा ती परीक्षा खोटी आहे. दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत. सरकार पदवीलाही हात लावत नाही आणि परीक्षाही तशीच ठेवतं, कारण पदवी विकण्यात संस्थाचालकांचं पोट आहे आणि परीक्षेत नापास करण्यात सरकारची सोय आहे. नापास झालेल्यांना नोकरी द्यावी लागत नाही.

त्या परीक्षेचंही काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. जानेवारी 2020 मध्ये झालेल्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं पुणे पोलिसांच्या तपासात उघड झालं, परीक्षा परिषदेचे आयुक्तच अटकेत गेले आणि 7,800 हून अधिक उमेदवार गैरप्रकारात सापडले. 2025 मध्ये नागपूरला बनावट शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकाचा सरकारी पगार ज्या क्रमांकावर निघतो त्याचं प्रकरण निघालं. एका बाजूला पात्र मुलगा अभ्यासिकेत बसून म्हातारा होतोय आणि दुसऱ्या बाजूला नेमणुकीचा कागदच बनावट असलेला माणूस सरकारी पगार उचलतोय. हे वाचून माझ्या वर्गातल्या मुली मला विचारतात, "मॅडम, मग आम्ही टाचणं नीट काढून काय उपयोग?" त्यांना मी काय सांगू?

आणि ज्याला लागते, त्याला काय लागते? शिक्षण सेवक. 2000 साली सुरू झालेली ही योजना. तीन वर्षं मानधनावर काम, मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकला 6,000, माध्यमिकला 8,000, उच्च माध्यमिकला 9,000 रुपये, हे आकडे दहा वर्षांहून जास्त काळ हलले नाहीत. न्यायालयानं कान उपटल्यावर जानेवारी 2023 पासून ते 16,000, 18,000 आणि 20,000 झाले. त्याच 2023 च्या जुलैत निवृत्त शिक्षकांना 20,000 रुपयांवर कंत्राटी घ्यायचा निर्णय झाला. जागा आहेत, मुलं शाळेत बसलेली आहेत, पात्र उमेदवार दारात उभे आहेत, आणि सरकार पेन्शन घेणाऱ्या माणसाला परत बोलावतं. हे सगळं विचारपूर्वक केलेलं आहे. कायम शिक्षक नको, हे धोरण आहे. फक्त तसं लिहिलेलं नाही.

खासगी शाळांची कथा मी थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे गप्प आहेत. माझ्या एका विद्यार्थिनीचा पगार खात्यावर पूर्ण येतो. त्याच आठवड्यात त्यातला निम्मा काढून तिला संस्थेच्या माणसाच्या हातात द्यावा लागतो. कागदावर सगळं स्वच्छ. तिला मी म्हटलं, तक्रार कर. ती म्हणाली, "मॅडम, मग मी कुठे जाऊ? सासरी सांगितलंय की मी शिक्षिका आहे." मुलींसाठी ही लाइन चांगली, सुरक्षित, सुट्ट्या मिळतात, असं म्हणत आपण घरोघरच्या हुशार पोरी या रांगेत आणून उभ्या केल्या. गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या मुलीला अभियांत्रिकीला न पाठवता बी.एड.ला पाठवलं, कारण लग्नाला बरं पडतं. ती मुलगी आज कुठल्या तरी इंग्रजी नाव लावलेल्या शाळेत उभ्यानं सात तास घेते आणि घरकाम करणाऱ्या बाईपेक्षा कमी कमावते.

संस्थाचालकांचं उत्तर मला पाठ आहे. मुलांनाच शिकायचं नाही, ती नॉन अटेंडिंग प्रवेशच मागतात, आम्ही काय करणार? नियमाप्रमाणे वर्गाला 80 टक्के आणि आंतरवासितेला 90 टक्के हजेरी लागते. वर्षाला शंभर प्रवेश देणाऱ्या कॉलेजात 16 पूर्णवेळ अध्यापक लागतात. वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. हे सगळं नियमात आहे. तीनशे किलोमीटरवर राहणारा मुलगा फक्त परीक्षेला येतो आणि तरीही त्याची हजेरी पूर्ण भरते, तेव्हा ती सही मुलाची नसते, कॉलेजची असते. नॉन अटेंडिंग हे विद्यार्थ्यानं शोधून काढलेलं नाही. ते दरपत्रकात आहे. वेगळा आकडा, फाइलींसकट. तपासणी समिती यायच्या आदल्या आठवड्यात सोळाच्या सोळा अध्यापक कुठून उगवतात आणि समिती गेल्यावर कुठे जातात, हे तालुक्यातल्या चहावाल्यालाही सांगता येईल.

हे मी एकटीच म्हणत नाही. महाराष्ट्रातल्या डी.एड. संस्थांच्या मान्यतेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्यातून 2011 मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. 2012 मध्ये त्याचा अहवाल आला. त्या आयोगाच्या हवाल्यानं 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलंय की देशातल्या दहा हजारांहून जास्त एकल अध्यापक शिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गंभीरपणे शिकवण्याचा प्रयत्नसुद्धा करत नाहीत, किंमत घेऊन पदव्या विकतात. सरकारी दस्तऐवजात यापेक्षा उघड कबुली असू शकत नाही. आणि त्यावर उपाय काय केला? पदवीची लांबी बदलली. 2015 मध्ये एक वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं केलं. मग चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आला. एनसीटीईच्या 2025 च्या मसुद्यात एक वर्षाचं बी.एड. आणि एक वर्षाचं एम.एड. परत आलं. दोन वर्षांच्या काळात ज्यांनी दुप्पट फी आणि दुप्पट वेळ दिला, त्यांना त्या जादा वर्षात नेमकं काय जास्त शिकायला मिळालं, हे कुणी तपासलं नाही. जिथे शिकवतच नाहीत, तिथे एक वर्ष न शिकवलं काय आणि चार वर्षं न शिकवलं काय.

ज्यांची नावं आम्ही परीक्षेत विचारतो, ती माणसं काय करत होती? जॉन ड्यूईनं 1896 मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून शाळाच काढली. मुलं तिथे, अध्यापक तिथे, सिद्धान्त तिथे घासून पाहायचा. आमचा विद्यार्थी ड्यूईवर जन्म, जीवनकार्य, तत्त्वज्ञान, गुण, मर्यादा असं पंधरा गुणांचं उत्तर लिहितो आणि ज्या कॉलेजात बसून लिहितो, त्याला स्वतःची शाळा नसते. कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. अध्यापक शिक्षण शाळांपासून आणि विद्यापीठांपासून तुटलेलं आहे, हे तुटलेपण संपवा, असं त्या आयोगानं 1966 मध्ये सांगितलं. साठ वर्षं होत आली. तारीख तेवढी आम्ही वस्तुनिष्ठ प्रश्नात विचारतो.

आणि त्याच कोल्हापुरात लीलाताई पाटील होत्या. अध्यापक महाविद्यालयांत शिकवून निवृत्त झाल्या आणि 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. आपण आयुष्यभर शिक्षकांना जे सांगत आलो ते मुलांबरोबर करून दाखवायला त्या लहान मुलांच्या शाळेत जाऊन बसल्या, आणि जे घडलं ते लिहून ठेवलं. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासातून आयुष्य कसं घडू शकतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. एम.एड.च्या वर्गात मी जेव्हा विचारते की त्यांची पुस्तकं कुणी वाचलीत, तेव्हा वर्ग माझ्याकडे पाहत राहतो. पालकनीती मासिक कुणी चाळलेलं नसतं. गाइड मात्र प्रत्येकाच्या पिशवीत असतं.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं 2006 मध्ये प्राथमिक शिक्षणात एम.ए. सुरू केलं. अशा ठिकाणी शिकलेली मुलं पाठ्यक्रम तयार करण्याच्या, मूल्यमापनाच्या, स्वयंसेवी संस्थांच्या कामात जातात. म्हणजे या विषयाला इतर वाटा नाहीत असं नाही. पण जागा मोजक्या, शिकणं इंग्रजीतून, राहणं मुंबईत. किनवटच्या किंवा जतच्या मुलाला त्या वाटा आहेत हेही कुणी सांगत नाही. त्याच्या तालुक्यातलं एम.एड. त्याला एवढंच शिकवतं की संचमान्यता म्हणजे काय आणि बिंदुनामावली कशी वाचायची, आणि तेही वर्गात नाही, बाहेरच्या पायरीवर.

मला हव्या आहेत त्या गोष्टी अवघड नाहीत. ज्याला बी.एड.ला शिकवायचंय, त्यानं आधी शाळेत किमान पाच वर्षं काढलेली असावीत आणि लागल्यावरही रोज एक तास खऱ्या शाळेतल्या खऱ्या वर्गावर घ्यावा. प्राचार्यांनीसुद्धा. एम.एड.च्या विद्यार्थ्यानं साठ मुलांचं टी-मूल्य काढण्याऐवजी न वाचणारी पाच मुलं वर्षभर शिकवावीत आणि काय झालं ते लिहावं, फसलं तर फसलं असं लिहावं. शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षणशास्त्राचा अभ्यास आणि वर्गाचा अनुभव सक्तीचा करावा. आणि प्रत्येक कॉलेजनं दर वर्षी जाहीर करावं की किती मुलं दाखल झाली, किती टीईटी उत्तीर्ण झाली, किती आज कुठल्या शाळेत किती पगारावर आहेत. या शेवटच्या मागणीला सगळ्यांत जास्त विरोध होईल. व्हावा. हा आकडा बाहेर आला, तर निम्म्या कॉलेजांत पुढच्या वर्षी कुणी पाय ठेवणार नाही.

हे होईपर्यंत माझं सांगणं त्या खुर्चीच्या टोकाला बसलेल्या वडिलांना आहे. दादा, नोकरी लागते का, असं विचारू नका. लागते असंच सांगतील. विचारा, तीन वर्षांपूर्वी इथून बाहेर पडलेल्या मुलांची यादी दाखवा आणि त्यांचे फोन द्या. विचारा, इथले किती शिक्षक कधी शाळेत शिकवत होते. वर्गात जाऊन बसतो म्हणा, आजच, आत्ता. यादी ठेवत नाही असं म्हणाले, वर्ग आज नाही असं म्हणाले, तर लेकीचे मूळ दाखले मागून घ्या आणि उठा. दाखले ठेवून घ्यायचा कुठल्याही कॉलेजला अधिकार नाही. दिले नाहीत तर विद्यापीठाकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या, आणि पोच मिळेपर्यंत तिथून हलू नका.